जुन्या ध्वनिवर्धकाचा ट्रान्सफॉर्मर : कीर्ती आणि मोजमाप

इलेक्ट्रिक गिटारसाठी 1950 आणि 1960 च्या दशकांत अमेरिकेत व इंग्लंडमध्ये तयार झालेले व्हॉल्व्हचे ध्वनिवर्धक आज वादक, संग्राहक आणि दुरुस्ती करणारे कारागीर यांच्या दृष्टीने मोलाची वस्तू झाले आहेत. ट्रान्झिस्टर येऊन कितीतरी वर्षे लोटली, तरी या यंत्रांचा आवाज पुष्कळ वादकांना अजूनही हवासा वाटतो. त्या आवाजाचे श्रेय कोणाला द्यावे, हा प्रश्न निघाला की एका भागाचे नाव हमखास पुढे येते. तो भाग म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. 'त्या काळच्या लोखंडात काही वेगळेच होते', 'तशी गुंडाळी आता कोणी करत नाही', अशी वाक्ये ऐकू येतात आणि त्यांच्या आधारावर मोठ्या रकमा दिल्याघेतल्या जातात.

ही वाक्ये सर्वस्वी खोटी नाहीत. परंतु ती खरी आहेत असे म्हणण्यापूर्वी त्यांची तपासणी होणे आवश्यक आहे, आणि तशी तपासणी करता येते. तिच्यासाठी लागणारे ज्ञान शालेय विज्ञानाच्या फार पलीकडचे नाही. ट्रान्सफॉर्मर, ज्याला आपण मराठीत रोहित्र म्हणतो, त्याचे तत्त्व दहावीपर्यंतच्या अभ्यासात डोकावून जाते. मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून जे दाखवले, तेच येथे काम करते. आमच्या वाचकांत विद्युत व इलेक्ट्रॉनिक व्यवसायांत असलेले माजी विद्यार्थी आहेत, तसेच या विषयाशी संबंध नसलेले पालकही आहेत. दोघांनाही समजेल अशा रीतीने हे मोजमाप कसे केले जाते आणि त्याचा अर्थ कसा लावावा, हे आम्ही येथे मांडत आहोत.

या ट्रान्सफॉर्मरचे काम

व्हॉल्व्हची प्रकृती अशी की त्यात दाब मोठा व प्रवाह लहान असतो. गिटार ध्वनिवर्धकाच्या शेवटच्या टप्प्यातील व्हॉल्व्हला सुमारे 400 व्होल्ट दाब दिलेला असतो, पण त्यातून वाहणारा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये मोजावा लागतो. याउलट लाउडस्पीकरला दाब थोडा आणि प्रवाह पुष्कळ लागतो. व्हॉल्व्ह थेट स्पीकरला जोडला तर त्याची शक्ती स्पीकरपर्यंत पोहोचणारच नाही. या दोघांमधला दुभाषी म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. आपल्याकडील घरोघरीच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतही हाच भाग, आकाराने लहान, स्पीकरजवळ बसवलेला असे.

विचार नेमका व्हावा म्हणून एक उदाहरण समोर ठेवू. फेंडर कंपनीच्या 'डिलक्स रिव्हर्ब' या ध्वनिवर्धकात 6व्ही6 जातीचे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ओढ देतात. या रचनेला 'पुश-पुल' म्हणतात. त्याची शक्ती सुमारे 22 वॅट आणि स्पीकर 8 ओहमचा. या व्हॉल्व्हना समोर साधारण 6,600 ओहमचा भार दिसावा लागतो. 8 ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला 6,600 ओहमसारखा भासवणे, हे त्या ट्रान्सफॉर्मरचे काम. पुढील सर्व आकडे याच प्रकारच्या ट्रान्सफॉर्मरचे उदाहरण म्हणून घेतले आहेत.

आधी जिवाची काळजी

कोणतेही माप घेण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकातील दाब प्राणघातक असतो. प्लग काढून ठेवल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये तो शिल्लक राहू शकतो. म्हणून कपॅसिटर रिकामे झाले आहेत याची मीटरने खात्री करावी, त्यानंतरच ट्रान्सफॉर्मरच्या तारा सोडवाव्यात आणि तो परिपथाबाहेर काढून तपासावा. येथे सांगितलेली सर्व मापे अशा सुट्या ट्रान्सफॉर्मरवर घेण्याची आहेत. ज्यांना या कामाचा सराव नाही त्यांनी जाणत्या कारागिराच्या उपस्थितीशिवाय ते करू नये.

ट्रान्सफॉर्मर सुटा असला तरी तो निरुपद्रवी नसतो. स्पीकरच्या बाजूला थोडासा दाब दिला की व्हॉल्व्हच्या बाजूला तो कित्येक पटींनी वाढून येतो. हा गुणाकार किती असतो ते पुढे येईलच. तूर्त एवढेच लक्षात ठेवावे, की व्हॉल्व्हच्या बाजूची टोके झाकलेली असावीत आणि दाब चालू असताना त्यांना हात लावू नये.

पहिले माप : तारेचा रोध

साध्या मल्टिमीटरने प्राथमिक गुंडाळीच्या दोन अर्ध्या भागांचा रोध मोजला, तर समजा एकीकडे 115 आणि दुसरीकडे 130 ओहम आला. नवशिका येथे घाबरतो. दोन अर्धे भाग समान असायला हवेत, मग एका भागातील काही वेढे जळून एकमेकांस चिकटले की काय, अशी शंका त्याला येते. बहुधा तसे काही नसते. दोन्ही भागांतील वेढ्यांची संख्या सारखीच असते. परंतु एक भाग गाभ्याजवळ व दुसरा त्याच्या बाहेरच्या थरात असेल, तर बाहेरच्या वेढ्याचा घेर मोठा असल्याने त्याला तार अधिक लागते आणि रोध वाढतो. वेढे समान आहेत की नाहीत हे रोधावरून ठरत नाही. ते पुढच्या मापावरून ठरते.

स्पीकरच्या बाजूचा रोध फार लहान असतो, समजा 0.4 ओहम. येथे मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोधही जवळपास तेवढाच असू शकतो. त्यामुळे साध्या मीटरवर विसंबू नये. गुंडाळीतून 1 अँपिअर प्रवाह सोडून तिच्या दोन टोकांमधील दाब मोजावा. तो 0.4 व्होल्ट आला तर रोध 0.4 ओहम.

या दोन आकड्यांवरून एक उपयुक्त गोष्ट निघते. प्राथमिक बाजूचे 245 ओहम हे 6,600 च्या सुमारे 3.7 टक्के आणि दुय्यम बाजूचे 0.4 ओहम हे 8 च्या 5 टक्के. म्हणजे व्हॉल्व्हनी दिलेल्या शक्तीपैकी सुमारे आठ-नऊ टक्के शक्ती तांब्यातच उष्णता होऊन संपते. 22 वॅटपैकी सुमारे 20 वॅट स्पीकरपर्यंत पोहोचतात. कानाला हा फरक जाणवणे कठीण आहे. केवळ रोध कमी आहे म्हणून एखादा ट्रान्सफॉर्मर दुसऱ्यापेक्षा जोरात वाजतो, असे म्हणणाऱ्याने हे गणित करून पाहावे.

दुसरे माप : वेढ्यांचे गुणोत्तर

आता स्पीकरच्या बाजूला 1 व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब द्यावा आणि व्हॉल्व्हच्या बाजूच्या दोन बाह्य टोकांमधील दाब मोजावा. समजा तो 28.7 व्होल्ट आला. मग वेढ्यांचे गुणोत्तर 28.7. भाराचे रूपांतर या संख्येच्या वर्गाने होते. 28.7 चा वर्ग सुमारे 824 आणि त्याला 8 ने गुणले की सुमारे 6,590 ओहम. अपेक्षित आकड्याशी हे जुळते.

त्यानंतर मधल्या टोकापासून दोन्ही बाजूंचे दाब वेगवेगळे मोजावेत. ते सारखे आले तर दोन्ही भागांतील वेढे समान आहेत. रोध 115 आणि 130 असूनही दाब समान येतात, हे पाहिले की मघाची शंका आपोआप दूर होते.

येथे एक समज दुरुस्त करणे आवश्यक आहे. 'हा ट्रान्सफॉर्मर 6,600 ओहमचा आहे' असे आपण बोलतो, पण ट्रान्सफॉर्मरला स्वतःचे असे ओहम नसतात. त्याच्याजवळ फक्त गुणोत्तर असते. 8 च्या जागी 16 ओहमचा स्पीकर लावला तर तोच ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हला 13,200 ओहम दाखवील. शिवाय 8 ओहमचा स्पीकर हा सर्व सुरांना 8 ओहमचा नसतो. त्याच्या नैसर्गिक कंपनाच्या वारंवारतेजवळ आणि वरच्या सुरांत त्याचे ओहम कितीतरी वाढतात. मोजणीच्या टेबलावर स्पीकरऐवजी 8 ओहमचा जाड रोधक जोडतात हे योग्यच आहे, कारण त्यामुळे दोन ट्रान्सफॉर्मरची तुलना न्याय्य होते. मात्र वाजवताना प्रत्यक्षात तसे घडत नाही, हे विसरू नये.

तिसरे माप : खालचे सूर आणि इंडक्टन्स

ट्रान्सफॉर्मरला दाब दिला की स्पीकर जोडलेला नसतानाही थोडा प्रवाह वाहतो. हा गाभ्याला चुंबक बनवणारा प्रवाह होय. तो जितका कमी, तितका ट्रान्सफॉर्मर खालच्या सुरांना उत्तम. या गुणाचे माप म्हणजे प्राथमिक गुंडाळीचा इंडक्टन्स, आणि त्याचे एकक हेन्री.

पुष्कळांची गल्लत येथेच होते. बाजारात मिळणाऱ्या हातातल्या इंडक्टन्स मीटरने एक आकडा घेतला जातो आणि तोच त्या ट्रान्सफॉर्मरचा इंडक्टन्स म्हणून जाहीर केला जातो. परंतु लोखंड हे रबरासारखे एकाच नियमाने ताणले जाणारे द्रव्य नाही. अगदी अल्प दाबाला ते सुस्त असते, मध्यम दाबाला उत्साहाने चुंबकित होते आणि दाब फार वाढला की संपृक्त होते, म्हणजे अधिक चुंबकन स्वीकारत नाही. म्हणून इंडक्टन्सचा आकडा सांगताना तो किती दाबाला आणि किती वारंवारतेला मोजला हे सांगितले नाही, तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

योग्य रीत अशी. व्हॉल्व्हची बाजू उघडी ठेवून स्पीकरच्या बाजूला 50 हर्ट्झचा दाब पायरीपायरीने वाढवत न्यावा आणि प्रत्येक पायरीवर प्रवाह लिहून घ्यावा. त्यासाठी व्हेरिअ‍ॅक आणि त्यापुढे घरगुती विजेपासून अलग करणारा कमी दाबाचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. समजा आपल्याला पुढील आकडे मिळाले : 1 व्होल्टला 0.25 अँपिअर, 4 व्होल्टला 0.65 अँपिअर, 8 व्होल्टला 2.5 अँपिअर. गाभ्यात उष्णतेच्या रूपाने जाणारा अल्प भाग वगळून हिशेब केला, तर प्राथमिक बाजूचा इंडक्टन्स अनुक्रमे सुमारे 10.5, 16.1 आणि 8.4 हेन्री येतो. ट्रान्सफॉर्मर एकच, पण उत्तरे तीन आणि तिन्ही खरी.

या आकड्यांचा संगीताशी संबंध असा. 6,600 ओहमच्या भारासमोर 16.1 हेन्री असतील तर सुमारे 65 हर्ट्झच्या खाली आवाज लक्षणीय घटू लागतो. 10.5 हेन्री असतील तर ही मर्यादा 100 हर्ट्झवर येते. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की 82.4 हर्ट्झचा सूर निघतो. म्हणजे हळुवार वाजवताना हा सूर किंचित पातळ होतो आणि मध्यम जोरात वाजवताना तो भरून येतो, असे या उदाहरणातील मापे सांगतात. ध्वनिवर्धकात निगेटिव्ह फीडबॅक असेल, म्हणजे बाहेर पडणाऱ्या आवाजाचा अंश मागे नेऊन चूक दुरुस्त करण्याची योजना असेल, तर हा फरक कमी होतो.

तुलनेसाठी एक ऐतिहासिक आकडा उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी 1947 मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात घरी संगीत ऐकण्यासाठीच्या उच्च दर्जाच्या ध्वनिवर्धकाची रचना प्रसिद्ध केली. तीत त्यांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मरसाठी किमान 100 हेन्रींची अट घातली होती. गिटारच्या ध्वनिवर्धकांत असे ट्रान्सफॉर्मर वापरले गेले नाहीत. ते मोठे, जड आणि महाग होते, आणि गिटारला त्यांची गरजही नव्हती. ज्याला आज 'जुन्या लोखंडाची जादू' म्हटले जाते, त्यात पुष्कळसा वाटा काटकसरीने ठरवलेल्या आकाराचा आहे, असे आमचे मत आहे.

चौथे माप : गाभा केव्हा भरतो

गाभ्यावर येणारा ताण दाबाच्या सम प्रमाणात आणि वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. तोच दाब निम्म्या वारंवारतेला दिला तर ताण दुप्पट होतो. त्यामुळे निम्म्या वारंवारतेला गाभा निम्माच दाब सोसू शकतो, आणि शक्ती दाबाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती एक चतुर्थांशच मिळते. बेस गिटारचा सर्वांत खालचा सूर 41.2 हर्ट्झ, म्हणजे गिटारच्या बरोबर निम्मा. बेससाठीच्या ध्वनिवर्धकाचा ट्रान्सफॉर्मर मोठा व जड का लागतो, याचे उत्तर येथे मिळते.

हा हिशेब वापरून घरगुती विजेच्या 50 हर्ट्झवर अर्थपूर्ण चाचणी करता येते. 8 ओहमवर 22 वॅट म्हणजे 13.3 व्होल्ट. हा दाब 82.4 हर्ट्झला असताना गाभ्यावर जो ताण येतो, तोच ताण 50 हर्ट्झला सुमारे 8.1 व्होल्टला येतो. म्हणजे स्पीकरच्या बाजूला 8 व्होल्ट दिले की गिटारचा सर्वांत खालचा सूर पूर्ण जोरात वाजत असतानाची स्थिती टेबलावर उभी राहते. या वेळी व्हॉल्व्हच्या बाजूला सुमारे 230 व्होल्ट असतात, घरातील सॉकेटमध्ये असतात तेवढेच. टोके झाकण्याची सूचना आम्ही आधी का केली, हे आता ध्यानात यावे.

वरील उदाहरणात 4 वरून 8 व्होल्टवर जाताना दाब दुप्पट झाला, पण प्रवाह जवळजवळ चौपट झाला. म्हणजे गाभा संपृक्ततेकडे झुकला आहे. या अवस्थेत प्रवाहाचा आकार सुबक लहरीसारखा न राहता टोकदार होतो. साधा स्वस्त मीटर अशा प्रवाहाला फसतो. म्हणून येथे खरा आरएमएस मोजणारा मीटर वापरावा आणि शक्य असल्यास ऑसिलोस्कोपवर प्रवाहाचा आकार पाहावा.

आता कीर्तीकडे वळू. 'गाभा संपृक्त झाल्यामुळे जुन्या यंत्राचा आवाज गोड होतो', असे सर्रास सांगितले जाते. पण गिटारची सर्वांत बारीक तार मोकळी वाजते ती 329.6 हर्ट्झला, म्हणजे जाड तारेच्या चौपट वारंवारतेला. तेवढ्याच दाबाला तेथे गाभ्यावरचा ताण एक चतुर्थांश असतो. तेव्हा संपृक्तता हा फक्त जाड तारांच्या, जोरात वाजवलेल्या सुरांचा प्रश्न आहे. वरच्या सुरांत जो फाटलेला, धारदार आवाज ऐकू येतो, तो प्रामुख्याने व्हॉल्व्हमध्ये निर्माण होतो. ट्रान्सफॉर्मरचे श्रेय त्याला द्यावे, परंतु व्हॉल्व्हचे श्रेय काढून त्याच्या पदरात टाकू नये.

पाचवे माप : वरचे सूर आणि गळती

प्राथमिक गुंडाळीने निर्माण केलेले सर्वच चुंबकत्व दुय्यम गुंडाळीपर्यंत पोहोचत नाही. थोडे बाजूने निसटते. याला लीकेज इंडक्टन्स म्हणतात. स्पीकरच्या बाजूची टोके एकमेकांस जोडून टाकावीत आणि व्हॉल्व्हच्या बाजूने 1,000 हर्ट्झला इंडक्टन्स मोजावा. येथे हातातला मीटर पुरेसा आहे, कारण निसटणारे चुंबकत्व मुख्यतः गाभ्याबाहेरून जाते आणि लोखंडाचे लहरीपण मध्ये येत नाही. विल्यमसन यांनी यासाठी 30 मिलिहेन्रींची कमाल मर्यादा घातली होती. ती गाठण्यासाठी प्राथमिक व दुय्यम गुंडाळ्यांचे अनेक भाग करून ते आलटून पालटून रचावे लागतात.

समजा आपल्या ट्रान्सफॉर्मरची गळती 40 मिलिहेन्री आली. व्हॉल्व्हच्या जागी 6,600 ओहमचा स्रोत धरला, तर एवढ्या गळतीमुळे आवाजात घट सुरू होते ती सुमारे 52 किलोहर्ट्झला. माणसाचा कान 20 किलोहर्ट्झच्या पुढे ऐकत नाही आणि गिटारसाठीचा 12 इंची स्पीकर तर पाच-सहा किलोहर्ट्झनंतरच मावळू लागतो. मग गळती बिनमहत्त्वाची म्हणावी काय? तसे नाही. गळती आणि गुंडाळीच्या थरांमधील कपॅसिटन्स मिळून एका ठिकाणी अनुनाद होतो. फीडबॅक असलेल्या ध्वनिवर्धकात तो अनुनाद यंत्र अस्थिर करू शकतो. तसेच पुश-पुल रचनेत एक व्हॉल्व्ह थांबून दुसरा काम हाती घेतो त्या क्षणी, दोन अर्ध्या भागांमधील गळतीमुळे लहरीवर काटे उमटतात. त्यासाठी चौकोनी लहर देऊन ऑसिलोस्कोपवर तिचे कोपरे पाहावेत. कोपऱ्यावर थरथर दिसली तर अनुनाद कोठे आहे ते कळते.

सहावे माप : इन्सुलेशन

जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या थरांमध्ये कागद असतो. दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिलेला कागद ओलावा धरतो. त्यामुळे प्राथमिक गुंडाळी एकीकडे आणि दुय्यम गुंडाळी व लोखंड दुसरीकडे, अशी 500 व्होल्टच्या मेगरने तपासणी करावी. ही तपासणी यशस्वी झाल्याशिवाय ट्रान्सफॉर्मर यंत्रात परत बसवू नये. बाकीची सर्व मापे उत्तम आली आणि हे एकच वाईट आले, तरी तो ट्रान्सफॉर्मर धोकादायक होय.

मोजणीच्या क्रमालाही महत्त्व आहे. रोध मोजताना दिष्ट प्रवाह दिल्याने गाभ्यात थोडे चुंबकत्व उरते आणि पुढील इंडक्टन्सच्या आकड्यात चूक येते. म्हणून मध्ये प्रत्यावर्ती दाब हळूहळू वाढवून तसाच हळूहळू शून्यावर आणावा, म्हणजे गाभा स्वच्छ होतो. पुश-पुल यंत्रातील दोन व्हॉल्व्हचे प्रवाह असमान असतील, तरी गाभ्यात असेच एकतर्फी चुंबकत्व भरते आणि निरोगी ट्रान्सफॉर्मरही खालच्या सुरांत अशक्त वाटतो. अशा वेळी दोष व्हॉल्व्हच्या जोडीत असतो आणि बदलला जातो ट्रान्सफॉर्मर. एकाच व्हॉल्व्हवर चालणाऱ्या फेंडर 'चॅम्प'सारख्या लहान यंत्रात दिष्ट प्रवाह गाभ्यातून नेहमीच वाहतो. म्हणून त्याच्या गाभ्यात मुद्दाम फट ठेवलेली असते. तेथे इंडक्टन्स मोजायचा तर तेवढा दिष्ट प्रवाह चालू ठेवूनच मोजावा लागतो.

तुलना करताना घ्यावयाची काळजी

लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालवणारे जिम मार्शल यांच्याकडे 1962 च्या सुमारास 'जेटीएम 45' हा ध्वनिवर्धक तयार झाला. त्याचा परिपथ फेंडरच्या 'बासमन'वर आधारलेला होता, तरी आवाज वेगळा निघाला. येथे ट्रान्सफॉर्मरकडे बोट दाखवणे सोपे आहे, कारण तो खरोखरच वेगळा, इंग्लंडमध्ये सहज उपलब्ध असलेला होता. परंतु स्पीकरही वेगळे होते. बासमनमध्ये 10 इंची चार, तर मार्शलच्या बंद पेटीत 12 इंची चार. शिवाय फीडबॅक ट्रान्सफॉर्मरच्या कोणत्या टोकावरून घेतला यावरही पुष्कळ अवलंबून असते, कारण तेवढ्याच वॅटला 16 ओहमच्या टोकावरील दाब 2 ओहमच्या टोकावरील दाबाच्या 2.8 पट असतो. इतक्या गोष्टी एकदम बदलल्या असताना एकीलाच कारण ठरवणे हे विज्ञानाच्या रीतीला धरून नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सर्व तशीच ठेवावी आणि मग ऐकावे व मोजावे. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना शिकवला जाणारा हा नियम येथेही तसाच लागू होतो.

ट्रान्सफॉर्मरवरील छापाबद्दलही असेच. अमेरिकी भागांवर उत्पादकाचा सांकेतिक क्रमांक, वर्ष आणि आठवडा छापलेला असे. फेंडरच्या ट्रान्सफॉर्मरवर 606 हा आकडा दिसला तर तो शूमाकर कंपनीचा आणि 830 दिसला तर ट्रायडचा. '606-6-21' म्हणजे सहाने संपणाऱ्या वर्षाचा एकविसावा आठवडा. यावरून बाहेरील भाग केव्हाचा हे कळते. आतील तार तीच आहे की मध्यंतरी कोणी पुन्हा गुंडाळली, हे मात्र छाप सांगू शकत नाही. ते मापेच सांगतात.

माप कशासाठी

या सर्व खटाटोपाचा व्यावहारिक उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग निर्णयाचा आहे. मूळ ट्रान्सफॉर्मर एकदा काढून टाकला की तो सहसा परत मिळत नाही. नुसत्या संशयावरून निरोगी भाग फेकून दिला जातो. उलट केवळ नावावर भाळून, आतून निकामी झालेला भाग मोठ्या किमतीला घेतला जातो. आपल्याकडे मोटार व ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देणारे कुशल कारागीर गावोगावी आहेत. त्यांच्या हाती असा भाग देण्याआधी मापे घेतलेली नसतील आणि उकलताना वेढे, थर, तारेची जाडी व गुंडाळ्यांचा क्रम टिपून ठेवला नसेल, तर कारागीर कितीही निष्णात असला तरी मूळ रचना पुन्हा उभी करू शकणार नाही. त्या वेळी वस्तूबरोबर तिच्यासंबंधीचे ज्ञानही कायमचे नष्ट होते.

म्हणून आमची सूचना अशी, की ज्यांच्याकडे असे जुने यंत्र आहे, मग तो परदेशी गिटार ध्वनिवर्धक असो वा आजोबांच्या काळातील व्हॉल्व्हचा रेडिओ, त्यांनी जाणत्याकडून ही मापे एकदा घेऊन ठेवावीत. एका कागदावर दोन्ही बाजूंचे रोध, वेढ्यांचे गुणोत्तर, तीन-चार दाबांना मिळालेले प्रवाह व इंडक्टन्स, गळती, मेगरचे वाचन आणि तारीख लिहावी. प्रत्येक आकड्यापुढे तो किती दाबाला व किती वारंवारतेला घेतला हेही नोंदवावे. रेडिओत एकच आउटपुट व्हॉल्व्ह असल्यास त्याचा दिष्ट प्रवाहही लिहावा. तो कागद पाकिटात घालून यंत्राच्या पेटीत, उष्ण भागांपासून दूर ठेवावा.

मापांनी संगीताचा आनंद मोजता येत नाही, आणि तसा आमचा दावाही नाही. दोन ट्रान्सफॉर्मरची सर्व मापे जवळजवळ सारखी येऊनही वादकाला त्यांतील एकच आवडेल, तर तो त्याचा अधिकार आहे. परंतु आवड ही आवड म्हणून सांगावी आणि वस्तुस्थिती ही वस्तुस्थिती म्हणून. त्या दोहोंमधील भेद ज्याला करता येतो, त्याच्या हातात जुनी वस्तू सुरक्षित राहते आणि त्याच्या सल्ल्यावर विसंबणाऱ्याचे पैसेही वाया जात नाहीत.